दामूशेठ आणि आहेरातला कुकर

डहाणूत भांड्यांची दुकानं बरीच आहेत, पण विकलेला माल परत घ्यायला स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाणारा दुकानदार एकच. तो म्हणजे आमचे दामूशेठ. आणि दुकानदार येताना दिसला की दार लावून घेणारी गिऱ्हाइकंही फक्त त्यांचीच.

लोकांचंही चुकत नाही. शेठ कुकर बघायला म्हणून आत येतात आणि गॅसची नळी वाकवून बघतात, मिक्सरची वायर हुंगतात, गिझरखाली उभे राहून मान हलवतात. चारचौघं भेटल्यावर "बरं आहे ना?" विचारतात. शेठ विचारतात, "गास्केट कसं आहे?" मी त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. बदली होऊन आलो त्या दिवशी सामान उतरत असताना त्यांनी आमच्या कुकरचं झाकण उचललं, उन्हाकडे धरून फिरवलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, ही रिंग आजच बदला. बाकीचा संसार सावकाश लावा." अजून आमची नीट ओळखही झाली नव्हती.

दुकानातही तोच प्रकार. साधी गाळणी घेतली तरी पक्कं बिल. गिऱ्हाईक "राहू दे ओ शेठ" म्हणत रिक्षात बसलं तर शेठ बिल घेऊन रिक्षामागे धावतात. बिल हातात कोंबताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "जपून ठेवा. काही झालं तर पहिली केस माझ्यावर करा." मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या बापाला हे ऐकवलं तर त्याचा चेहरा कसा होईल? एकाने भांडी तशीच ठेवली आणि समोरच्या दुकानात गेला. शेठना त्याचं काही वाटलं नाही. ते समोरच्या दुकानदाराला ओरडून सांगत होते, "त्यांना बिल दे रे!"

कोणी भाजलं, चिरलं, शॉक बसला आणि "नशीब" म्हणालं की शेठ भडकलेच. "नशीब कसलं? वायर खराब होती. नुकसानभरपाई माग. भीक नाही ती, हक्क आहे तुझा." एकदा त्यांनी पंख्याचं पातं लागलेल्या एका माणसाला पालघरच्या ग्राहक आयोगात जा म्हणून इतकं छळलं, की तो बिचारा बाजारात तोंड लपवून फिरायला लागला. मला हे सगळं गमतीचं वाटायचं. त्या रविवारपर्यंत.

झालं असं, की एका कुकर कंपनीने दुकानदारांना कळवलं: अमुक लॉटमधल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष आहे, शिट्टीचं भोक चोंदलं तर वाफेला वाट मिळणार नाही, विक्री थांबवा, विकलेले कुकर परत मागवून बदलून द्या. बाकीच्या दुकानदारांनी तो कागद गल्ल्यामागे चिकटवला. आमच्या शेठनी बिलबुकं काढली आणि फोन लावत सुटले. फोन न उचलणाऱ्यांच्या घरी गेले. एक बाई कुकर देईना म्हणून तिच्या पडवीत बसून राहिले, ती कंटाळून म्हणाली, "घेऊन जा बाबा, पण आता ऊठ." असे सगळे कुकर परत आले. एक सोडून.

तो एक कैनाडच्या मधुभाऊंनी नेला होता. त्या रविवारी सकाळी शेठ माझ्या दारात उभे. त्यांची स्कूटर बंद पडली होती आणि माझी गाडी चालू होती, एवढाच माझा गुन्हा. आत बोंबील तव्यावर पडायच्या बेतात होते. मी म्हटलं, "शेठ, जेवून जाऊ." ते म्हणाले, "तिकडे पण कोणीतरी जेवणच करत असेल." मी चडफडत चावी घेतली. शेठनी बदली द्यायचा नवा कुकर मागच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.

कैनाडला मधुभाऊ वाडीत मिरच्या तोडत होते. "तो कुकर? तो मी घरी कुठे ठेवला, रानशेतच्या लक्ष्मीमावशीकडे पोराच्या लग्नात आहेर केला की!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण शेठ, माझं नाव घेऊ नका हां. तिला वाटेल, खराब माल दिला."

इथे आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. आहेरात आलेला कुकर कोणी उघडत नाही. तो खोक्यासकट माळ्यावर जातो. पुढच्या लग्नाच्या आदल्या दिवशी खाली येतो, वरची नावाची चिठ्ठी फाडली जाते, नवी चिकटते आणि कुकर निघतो पुढच्या मांडवात. हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि कोणीही कबूल करत नाही. बिल एका गावात आणि कुकर तिसऱ्याच, असा हा कारभार. कंपनीने कितीही कागद पाठवले तरी ते या माळ्यांवर कसे पोचणार?

रानशेतला लक्ष्मीमावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. शेठनी कुकरचं विचारताच त्या हसल्या. "मधूने दिलेला ना? रोज वापरतो तो. फार चांगला आहे."

"दाखवा."

"आता घासायला टाकलाय."

"घासायला टाकलेला दाखवा."

मावशींनी आतून एक काळाकुट्ट कुकर आणला. त्याचं हँडल सुतळीने बांधलेलं होतं. शेठनी तो हातातही घेतला नाही. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मावशी, हा माझ्या दुकानाच्याही आधीचा आहे. खरं सांगा, कुठे दिलात?"

"दिला कुठे? असेल माळ्यावर." मावशींनी पुन्हा सूप ओढलं.

"मावशी!" शेठ असे ओरडले, की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. "लाज नंतर बाळगा. मी मधूला सांगणार नाही, कोणालाच सांगणार नाही. तो कुकर फुटणारा आहे. कोणाच्या तरी पोरीच्या तोंडावर फुटेल!"

मावशींच्या हातातलं सूप थांबलं. त्या हळूच म्हणाल्या, "तलासरीच्या पुढे माझ्या नणंदेचं घर हाय. तिच्या पोराच्या लग्नात दिला. नवी सून आलीय." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या. "अरे देवा, आज तिथं व्याही येणार जेवायला. सुनेच्या हातचं पहिलं जेवण. नणंद फोनवर बोलली, आज नवीन भांडी काढलीत म्हणून."

मावशींनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पाहुणे घरात असताना फोन कोण उचलतं? आम्ही गाडीत बसलो.

तलासरीपर्यंतचा रस्ता मी एरवी गाणी ऐकत गेलो असतो. त्या दिवशी शेठ फोन कानाला लावून बसले होते आणि त्यातली रिंग मला ऐकू येत होती. पुढे ट्रक आला की ते उजवा पाय दाबत, जणू गाडी तेच चालवत होते. एकदाच बोलले, "डाळ लावली असेल का भात?"

"काय फरक पडतो?"

"डाळ फेसाळते. भोकात जाऊन बसते." मी बोंबील विसरलो.

घर सापडलं. अंगणात खुर्च्यांवर व्याही मंडळी बसली होती, सरबताचे ग्लास फिरत होते. शेठ कोणाला नमस्कार न करता थेट आत घुसले, मी त्यांच्या मागे. स्वयंपाकघरात सासूबाई ओट्यापाशी होत्या आणि नवी सून हातात चिमटा घेऊन कुकरसमोर उभी होती.

"बघा ना आई, कधीचा ठेवलाय," ती म्हणत होती, "एक पण शिट्टी नाही झाली. जरा उचलून बघू का?"

तो कुकर गप्प होता. कुकर इतका गप्प असू शकतो हे मला माहीत नव्हतं. फक्त झाकण हळूहळू थरथरत होतं.

"बाय, हात मागे!" शेठ म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत. "चिमटा तसाच खाली सोड. मागे ये. अजून मागे."

"तुम्ही कोण?" सासूबाई म्हणाल्या.

शेठ उत्तर न देता मुलीच्या आणि कुकरच्या मध्ये जाऊन उभे राहिले. मान बाजूला वळवून, हात लांब करून त्यांनी शेगडी बंद केली. मग दोन्ही हात पसरून, गुरं हाकावीत तसं आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं आणि स्वतः दारात आडवे उभे राहिले. "थंड होईपर्यंत कोणी आत जाणार नाही."

ती वाट बघणं फार अवघड होतं. सासरे चिडले होते, व्याही एकमेकांकडे बघत होते. एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "ये कोण हाय, गॅसवाला काय?" सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. पहिल्याच जेवणाचा हा तमाशा. माझे कान आतल्या आवाजाकडे लागले होते.

काहीही झालं नाही. बऱ्याच वेळाने शेठ एकटे आत गेले आणि झाकण घेऊन बाहेर आले. शिट्टीच्या भोकात तुरीची सालं गच्च बसली होती. एवढी वाफ कोंडूनही व्हॉल्व्ह उडालाच नव्हता, जिथला तिथे, जसाच्या तसा. शेठनी ते सासऱ्यांना दाखवलं, कंपनीचा कागद वाचला, नवा कुकर दिला. सुनेचं नाव विचारून तिच्या नावाने बिल फाडलं, त्यावर 'बदली' असं लिहिलं आणि म्हणाले, "बाय, हे तू ठेव. तुझ्याकडे. काही झालं तर पहिली केस माझ्यावर कर."

सासरे म्हणाले, "झालं तर काहीच नाही. उगाच एवढा आरडाओरडा." पाहुणे हसले. जेवायलाही कोणी थांबवलं नाही. मला भयंकर राग आला. गाडीत मी म्हटलं, "शेठ, आभार तरी मानायचे लोकांनी!"

"काही झालं नाही तर कशाचे मानतील?" ते म्हणाले आणि मांडीवरचा कुकर दोन्ही हातांनी धरून बसले.

घरी पोचलो तेव्हा विमलकाकू पडवीत बसल्या होत्या. शेठच्या बायको. त्यांना दिसत नाही. का, ते मी कधी विचारलं नव्हतं, साखरेने गेले असतील डोळे असं धरून चाललो होतो. गाडीचा आवाज ऐकताच त्या उठल्या.

"मिळाला?"

"मिळाला."

"काही झालं नाही ना?"

"काही नाही झालं," शेठ म्हणाले. "नवी सून होती कुकरपाशी."

"पोरीचे हात बघितलेत?"

"बघितले. मेंदी आहे अजून."

काकू मटकन खाली बसल्या. त्यांनी हात पुढे केला, शेठनी झाकण त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं चाचपत व्हॉल्व्हवर थांबली. "माझा पण असाच होता," त्या मला म्हणाल्या. "दुकानातलाच. ह्यांनीच येताना पिशवीत घालून आणला होता. माझ्या तोंडावरच उडाला. कंपनीचा वकील म्हणाला, बिल दाखवा. आता दुकानदाराच्या घरात बिल कोण फाडतं? बिल नाही, म्हणजे म्हणे मी गिऱ्हाईकच नाही. तेव्हा कोणी परत मागायला आलं नाही हो, भाऊ."

शेठ पाठ करून चपला नीट लावत होते. चपला नीटच होत्या.

काकू हसल्या. "आता साधा चमचा घरात आला तरी हे माझ्या नावाने बिल फाडतात. मला दिसत नाही, म्हणून वाचून दाखवतात. तारखेसकट. आणि वर म्हणतात, काही झालं तर पहिली केस माझ्यावर कर."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, करते. आधी चहा टाका."

शेठ आत गेले. थोड्या वेळाने पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.