आईच्या कबरीवरचा दगडी पाला

नवे बूट चावले आणि ते बायकोला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. एवढाच निर्णय. (सालोमीशी लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तिच्यापासून लपवलेली माझी एकही गोष्ट आजवर धड पार पडलेली नाही.)

तसा बूट चावल्याचा पत्ता मलाही नव्हता. पंधरा वर्षांच्या मधुमेहानं पाय बधिर झालेत. मोजा रक्तानं चिकटला तेव्हा अंगठ्याची जखम दिसली. सालोमीला कळलं असतं तर तिनं घरातली सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, कुलपात ठेवली असती आणि तिच्या भावाची, गॉडफ्रेची गोष्ट पुन्हा ऐकवली असती. याच दुखण्यात त्याची पायाची दोन बोटं गेली.

मला आईचा दगडी पाला आठवला. लहानपणी गुडघा फुटला की मी रडत वाडीत यायचो, आई केळीखालचा तो पिवळ्या फुलाचा पाला खुडायची आणि थोड्या वेळात मी पुन्हा खेळायला मोकळा. तिच्या हाताला ओल्या मातीचा वास असायचा. तो आठवला आणि डॉक्टरबिक्टर सगळं विसरलो.

पण पाला होता कुठे? पूर्वी आमच्या गिरीज गावात बांधाबांधावर उगवायचा. आमच्या अंगणातून तर हटता हटत नव्हता, म्हणून मीच तो उपटून पेव्हर ब्लॉक बसवले. दोन दिवस हिंडलो. अखेर सापडला तो चर्चमागच्या दफनभूमीत, आईच्याच कबरीवर. (कबर वेळेवर साफ न करणारा मुलगा असल्याचा असा फायदा झाला.) मला भरून आलं. अजूनही औषध आईच देतेय, असं वाटलं.

मग रोज सकाळी जायचो, कबरीपाशी गुडघे टेकायचो, पाला चुरडून अंगठ्याला बांधायचो. पाचव्या दिवशी घरी आलो तर सालोमी हातात रोझरीची माळ घेऊन रडत बसलेली.

"मला कधी सांगणार होता?"

(पकडलो गेलो.) "तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरकडे गेलोच नाही. आठवडाभरात होईल सगळं."

"आठवडाभरात?" म्हणत तिनं हंबरडाच फोडला.

शेजारच्या स्टेफीनं तिला सांगितलं होतं की अंकल रोज आईच्या कबरीपाशी गुडघे टेकून डोळे पुसतात. नोव्हेंबरात ऑल सोल्स डेला सगळं गाव कबरी साफ करतं, तेव्हा हा माणूस फिरकत नाही आणि आता भर फेब्रुवारीत रोज जातो, म्हणजे याला वरून बोलावणं आलंय, असा हिशेब सालोमीनं मांडला होता.

"अगं, मरत नाहीये मी. अंगठ्याला लागलंय," म्हणत मी पाय पुढे केला. तिचं रडं जागच्या जागी थांबलं. ते मला जास्त धोक्याचं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाला चिमट्यानं उचलून बाजूला टाकला. "काका, अजून दोन दिवस थांबला असता तर अंगठा काढावा लागला असता."

गॉडफ्रेचा पाय डोळ्यांसमोर आला. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि वर एक मऊ पांढरी पट्टी ठेवली. "ही समुद्री शेवाळापासून बनवलेली आहे."

माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे पालाच की!"

"हे शेवाळ निर्जंतुक होऊन आलंय, काका. तुमचा पाला स्मशानातून आलाय."

अंगठा वाचला, पण दीड महिना गेला. पट्टी बदलताना दर वेळी मी सालोमीला ऐकवायचो की आईचं औषध बरोबरच होतं, फक्त जागा चुकली. कंटाळून तिनं नालासोपाऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दगडी पाला?" विनीबाय म्हणाली. "अरे, आई तुझ्या गुडघ्याला दवाखान्यातलं लाल औषध लावायची. ते झोंबलं की तू भोकाड पसरायचास. मग गप्प करायला तुझ्या हातात पाला द्यायची आणि आपल्या बकरीला भरवायला पाठवायची."

"बकरीला?" मी पडेल आवाजात विचारलं.

"पण बकरी धडधाकट होती हं," ती मला धीर देत म्हणाली. "तिला जन्मात कधी साधं खरचटलंसुद्धा नाही."