लायनीवर कान

आमच्या मानोऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजातले तायडेभाऊ फोन जोडून देत, पण बोलू देत नसत. तुम्ही 'हॅलो' म्हणालात की मध्येच त्यांचा आवाज यायचा, "जपून बोला, लायनीवर कान हायेत." ते कान कोणाचे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

एकदा कापसाचे एक व्यापारी अकोल्याशी बोलत होते.

"शेठ, भाव हळू सांगा," तायडेभाऊ मध्येच म्हणाले.

"अबे, हळू सांगतलं त अकोल्यात ऐकू कसं जाईन?"

"म्हून त म्हणतो, पत्र लिहा."

खुद्द त्यांच्या साळ्याचा वाशीमहून फोन आला, तर त्यालाही सुटका नव्हती.

"तुमी माह्ये साळेच कायवरून? सांगा, माह्या लग्नात भाजी कशाची होती?"

"वांग्याची!"

"वांग्याची त साऱ्याच लग्नात रायते. दुसरी खूण सांगा."

खुणा सांगता सांगता कॉलची तीन मिनिटं संपली आणि लाईन तुटली. साळा दुसऱ्या दिवशी एसटीनं आला आणि दारातूनच ओरडला, "भाऊजी, आता तरी ओळखता काय?" तायडेभाऊंची बायको वारून तेव्हा चार वर्षं झाली होती. तायडेभाऊंचा डबा आणि वळकटी एक्स्चेंजातच असे.

मी इथल्या हायस्कुलात मास्तर. माझ्या मुलीचं लग्न अकोल्यात ठरत आलं होतं. पोस्टात नेहमीसारखी नंबराची चिठ्ठी लिहून एक्स्चेंजात पाठवली आणि कॉल लावला. मुलाच्या वडिलांना म्हणालो, "एकविसावं चालू आहे तिला."

तेवढ्यात तायडेभाऊ, "सर, पोरीचं खरं वय लायनीवर सांगू नका!"

 पलीकडून लगेच प्रश्न आला, "खरं म्हणजे? खोटं वेगळं आहे का?"

ते स्थळ मोडलं. मी घरी बसून तायडेभाऊंच्या नावानं वाटेल ते बोललो. मुलीला चोविसावं होतं, हे मात्र आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

त्या रागात मी बिनसहीचा अर्ज केला. ऑपरेटर लोकांची खाजगी बोलणी ऐकतो, मध्ये तोंड घालतो, असा. अर्जात खोटं काही नव्हतं. फक्त माझं खोटं मी त्यात घातलं नव्हतं. चौकशीला साहेब आले आणि महिनाभरात तायडेभाऊंची बदली चंद्रपूरच्या जंगलाकडे झाली.

ते निघाले त्या सकाळी मी स्टँडवर गेलो. का गेलो, कोण जाणे. दुसरं कोणीच आलं नव्हतं. एका ट्रंकेवर ते बसले होते.

"जयभीम, सर. या, बसा." त्यांनी ट्रंकेवर सरकून जागा केली. "इथं साऱ्यायचे आवाज पाठ झाले होते. खोकल्यावरून माणूस ओळखू येये. तिथं पुन्हा पयल्यापासून."

मी मान हलवली.

"साहेबानं मले तो अर्ज दाखवला. अक्षर ओळखता काय, म्हणे. तुमच्या कॉलच्या चिठ्ठ्या त मीच लावत होतो ना, सर. म्या म्हटलं, नाही ओळखत."

 तरी मी म्हणालो, "कोणी लिहिला असेल हो?"

तायडेभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बस लागत होती, तिकडे पाहत होते.

"ज्यानं लिहिला त्याले सांगजा, सर. असा अर्ज दुसऱ्याच्या हातानं लिहून घेत जाय म्हणा. गावात नाव फुटलं असतं, त त्याच्या पोरीले पुढचं स्थळ कोण दाखवतं?"

"सांगतो," मी म्हणालो, आणि त्यांची ट्रंक उचलायला वाकलो.