वेळ पडली तर लागणारी गाडी

ऐका रे, मधी कोणी बोलू नका, न्हाई तर माझा धागा तुटतो. आमच्या तांड्याची गाडी आता माझ्या ताब्यात आली. रीतसर. पेमा नायकानं बैठक घेतली, वसरामकाकाच्या खांद्यावरचा पिवळा फडका काढून माझ्या खांद्यावर टाकला, अन् म्हणला, "आजपासून गाडीची देखभाल देविदास करंल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याडीच्या, म्हंजे माझ्या आईच्या, तर डोळ्यांत पाणी आलं. पोरगं एकदाचं कामाला लागलं म्हणून. अन् त्याच गाडीपायी पुढं याडीची चंद्री म्हैस जाता जाता राहिली. गाभण म्हैस, जिच्या दुधावर आमचं घर चालते! तेच सांगून राहिलो.

जगन, तू कधी आलाच न्हाईस आमच्याकडं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं जीप सोडली की उतारावर आमचा तांडा, अन् तांड्याच्या मधोमध शेडमधी ती गाडी. निळी. माझ्या बापाच्या लग्नाच्या आधीची. मागं लोखंडी हात, त्याला जड वजन उचलायची चेनकुप्पी, टपावर शिडी. कोण्या तरी योजनेत आलती. विजेचा खांब उभा करा, विहिरीतली मोटर वर काढा, चिखलात रुतलेलं वढा, कायबी करा, सगळ्या कामाची. अन् आजबी अशी हाय जशी काल आली. सीटवरचं प्लास्टिक कंपनीचं. आरशावरचा कागद कंपनीचा. संभाजीनगरचा एक माणूस फोटो काढून गेला, तो म्हणला ही विंटेज हाय. तवापासून तर आमी तिच्याजवळ शिंकतबी न्हाई.

ती आली तवा हिंगोलीहून दुसऱ्या ट्रकावर लादून आणलती. चालवत आणली तर रस्त्यातच जुनी होईल, असं तवाच्या नायकाचं म्हणणं. तसे आमी लदेणीचे लोक, बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरलेले. पण ट्रकावर ट्रक लादणारे पहिले आमीच असतील.

पहिल्या दिवशी मी वसरामकाकाला इचारलं, "काका, चालू कशी करायची?"

काका माझ्याकडं असं पाहू लागला जसं मी देवळात बूट घालून शिरलो.

"चालू? चालू कोणीबी करते रे. बंद ठेवायला अक्कल लागते."

मग त्यानं सगळं शिकवलं. फडका वरून खाली मारायचा, खालून वर न्हाई. दरवाजा उघडायचा न्हाई, बिजागरी झिजते. हॉर्न द्यायची वेळ आली तर तोंडानं द्यायचा. बॅटरी काकाच्या घरी, लोखंडी पेटीत, गोधडीत गुंडाळलेली. दसऱ्याला पूजा असते, पण झेंडूचा डाग पडते म्हणून हार गाडीच्या वतीनं काका गळ्यात घालते. नारळ गाडीला दाखवायचा अन् माझ्या मोटरसायकलीपुढं फोडायचा. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घेतेत ना? आमची गाडी पुढं जात न्हाई, तर आमी लिंबूच चाकावरून फिरवतो.

"पण काका, मंग गाडी हाय कशाला?"

"वेळ पडली तर."

"अन् वेळ पडलीच न्हाई का अजून?"

"पडली ना. लईदा पडली. पण तशी न्हाई पडली."

वादळात विजेचा खांब आडवा झालता, अख्खा तांडा आठवडाभर अंधारात. गाडीची समिती बसली. नायक म्हणला, गाडी खांबाला गेली अन् तेवढ्यात खरी वेळ पडली तर? सगळ्यांना पटलं. कोणाला न्हाई पटणार? मग नायकाचाच ट्रॅक्टर ओढ्यात रुतला. तरी माणूस हलला न्हाई. म्हणला, माझ्यासाठी गाडी काढली तर लोक म्हणतील नायकानं पदाचा गैरवापर केला. बैल जुंपून ट्रॅक्टर काढला. एका बैलाचा पाय मुरगळला, पण गाडीला ओरखडा न्हाई.

आता मी नवीन, माझ्या अंगात लई जोर. त्यातच 'सुस्थितीतील सार्वजनिक मालमत्ता' म्हणून स्पर्धा निघाली. पहिल्या नंबरला ढाल. तपासणीला एक साहेब आला, इस्त्रीचा शर्ट, हातात टेप. त्यानं गाडीभोवती फेरी मारली अन् म्हणला, "वाहन उत्तम आहे. परंतु ते वातावरणाच्या संपर्कात आहे."

"म्हंजे काय साहेब?"

"म्हणजे त्याला हवा लागते."

बरोबर होतं ना त्याचं! शेडचं तोंड उघडं, धूळ येते, कोंबड्या येतेत. मी म्हणलं, काकाला इतक्या वर्षांत जे जमलं न्हाई ते मी करून दाखवतो. विटा आणल्या, सिमेंट आणलं, शेडचं सगळं तोंड बांधून काढलं. मला आडवं होऊन आत जाता यावं इतकं एक दार ठेवलं. नायकानं पाठ थोपटली. काका तर भिंतीला हात लावून म्हणला, "मी उगाच इतकी वर्षं काळजी करत बसलो."

आता ऐका. शेवटच्या तपासणीचा दिवस. साहेब खुर्चीवर, हातात चहा, समोर समिती. मी दारातून आडवा आत गेलो, फडका मारला, आडवा बाहेर आलो. साहेब खूश. तेवढ्यात याडी वळणावरून धावत आली, डोक्यावरचा पदर कुठं, चप्पल कुठं.

"देविदास! चंद्री पडली रे विहिरीत! पाण्यात हाय, मान वर धरून हाय, पण दमली! काढ गाडी!"

मी दोन पावलं धावलोबी, खोटं न्हाई सांगत. पण तोंडातून निघालं, "याडी, थांब. समिती बसलेलीच हाय."

याडीनं चप्पल शोधली, पण ती पायात नव्हतीच. म्हणून वाचलो.

नायक साहेबाकडं पाहू लागला. साहेबानं चहा खाली ठेवला. "म्हैस जिवंत आहे?"

"हाय साहेब."

"मग आपत्ती अद्याप पूर्ण झालेली नाही. अपूर्ण आपत्तीत वाहन काढलं तर तो सर्वसाधारण वापर धरला जातो. गुण कमी होतात."

"अन् मेल्यावर काढली तर?"

"मेल्यावर वापराची आवश्यकता सिद्ध होत नाही."

सगळे माना डोलवू लागले. याडी म्हणली, "अरे मग मरायच्या अन् जगायच्या मधी कुठं तरी काढा की!"

अन् त्या वेळेला, खरं सांगतो, पेमा नायक उभा राहिला. फेटा सारखा केला. म्हणला, "हीच ती वेळ. गाडी निघंल."

बापरे! वसरामकाका ढसाढसा रडू लागला, जशी पोरगी सासरी चालली. मग अटी ठरल्या. टायरांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. चेनकुप्पीला पाणी लागू द्यायचं न्हाई. अन् पट्टा लावायच्या आधी म्हैस स्वच्छ धुवून घ्यायची.

"ती पाण्यातच हाय की!" याडी ओरडली.

"मग पुसून घ्या," काका डोळे पुसत म्हणला.

काकाच्या घरून बॅटरी निघाली. दोघांनी गोधडीची झोळी केली, पुढं तांड्यातली सोजराबाई पाणी शिंपडत चालली. नायकाच्या ट्रॅक्टरातलं डिझेल काढून आणलं. मी आडवा आत गेलो. जिंदगीत पहिल्यांदा दरवाजा उघडला. बिजागरी अशी बोलली जशी कोणी झोपेतून उठवली. सीटवर बसलो, प्लास्टिक कर्रर्र वाजलं, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, अन् समोर पाहतो तर काय?

भिंत.

माझीच. चांगली पक्की. पाणी मारून मारून पक्की केलेली.

बाहेरून नायकाचा आवाज, "देविदास, येऊ दे पुढं!"

म्हणलं, "नायक, पुढं जागा न्हाई!"

मग समिती पुन्हा बसली. ठरलं की जेसीबी बोलवायचा. जेसीबीनं भिंत पाडायची, भिंत पडली की गाडी काढायची, गाडीनं म्हैस काढायची. कोणालाच त्याच्यात काही खटकलं न्हाई. मलाबी न्हाई. गोरेगावला फोन लावला. बरं, तिथला जेसीबी आमच्याच शिवारात नाला खोदून राहिला होता, लगेच आला. काय त्याची हालत! काच न्हाई, एका बाजूचा दिवा तारेनं बांधलेला, बुडापासून टपापर्यंत चिखल. चालवणारा पोरगा स्क्रू-ड्रायव्हर खुपसून चालू करून राहिला. काकानं तोंड फिरवलं. म्हणला, "अशी ठेवतेत का रे कोणी गाडी?"

तो पोरगा भिंतीला दात लावणार तेवढ्यात साहेब मधी आला. "थांबा! भिंत पाडल्यावर धूळ उडेल. आधी वाहन झाका."

बराबर. आमी सगळे ताडपत्री शोधायला पळालो. एकाकडची फाटकी निघाली, दुसऱ्याकडं चांगली होती ती त्यानं वेळ पडली तर लागंल म्हणून नवी ठेवलेली, द्यायला तयार न्हाई. त्याची समजूत काढली, ताडपत्री आणली, आडवं आत जाऊन गाडी चारी बाजूंनी झाकली, दोऱ्या बांधल्या. घाम पुसत बाहेर येऊन म्हणलं, "पाड आता!"

जेसीबीच न्हाई!

पाहतो तर दूर विहिरीवर. जेसीबीच्या पायरीवर याडी उभी, एका हातानं टप धरलेला, दुसऱ्या हातानं वाट दाखवून राहिली. आमी ताडपत्री शोधायला लागलो अन् ती त्याला म्हणली, चल लेकरा. बस एवढंच म्हणली. तो निघाला. त्यानं ना समिती इचारली, ना वेळ. दोघं पाण्यात उतरले, चंद्रीच्या पोटाखालून पट्टा घातला, पोरगा परत वर चढला, जेसीबीनं हात वर केला, अन् चंद्री चिखलाची गळती लावत हवेत आली. आमी पोचलो तवा ती जमिनीवर उभी राहून कडबा खाऊन राहिली होती. मी तिच्या गळ्याला मिठी मारली, तर तिनं माझ्याकडं पाहिलंबी न्हाई. याडीनंबी न्हाई.

पण कार्यक्रम थांबला न्हाई हां. साहेबानं तिथंच जाहीर केलं, "प्राणी वाचला आणि वाहनही वाचलं. इतक्या मोठ्या प्रसंगात वाहन जराही न हलवता संकट हाताळल्याचं उदाहरण जिल्ह्यात दुसरं नाही." पहिला नंबर! ढाल! नायकानं भाषण ठोकलं, "भावांनो, आज गाडी काढली असती, तर आज आपल्याकडं काय राह्यलं असतं?"

याडी मागून म्हणली, "गाडीच राह्यली असती, बाबा. चालू."

कोणी ऐकलं न्हाई. टाळ्या वाजून राहिल्या होत्या.

हसा, हसा. रुद्र, तू तर लोळायलाच लागला. तांड्याचे लोक येडे, व्हय ना? पण मला एक सांगा, आपण चौघं मघापासून फरशीवर काहून बसून राहिलो? माझी कंबर धरली. मागं जगनचा सोफा रिकामा हाय की.

काय म्हणला जगन? नवा हाय? अरे लग्नाला दोन पावसाळे झाले तुझ्या! पाव्हणे आले की बसतेत? मग आमी कोण? घरचे! वा. म्हंजे घरच्यांनी खाली बसायचं. न्हाई निलमवहिनी, न्हाई, हात न्हाई लावला मी सोफ्याला... काय? प्लास्टिकला नका लावू? प्लास्टिक चुरगळते?

बरं बाबा. खालीच बसतो. टीव्ही तरी लाव. दाब ना. अजून जोरात. अरे, पिशवीत घालून ठेवल्यावर रिमोटचं बटण दबंल कसं? काढ की ती पिशवी! न्हाई काढत? खराब होते?

ठीक हाय. हात वर करा रे, कोणाकोणाच्या घरी रिमोट बिनपिशवीचा हाय?

कोणाच्याच न्हाई. मग सरका जरा, मलाबी भिंतीला टेकू द्या.