कुलपाची मर्यादा

हडपसरच्या फ्लॅटमध्ये सकाळी पावणेदहाला जावेदचा सर्व्हर सुरू होईना. ऑफिसातल्या सगळ्यांना इंटरनेटवर जायचं दार एकच, हा प्रॉक्सी सर्व्हर. अपडेटसाठी त्यानं तो घरूनच पाच मिनिटं बंद केला होता. अकराला अम्मीला बिबवेवाडीच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दोन महिने थांबून मिळालेली वेळ. सुपातून कणी निसटावी तशा नसीमबानूच्या आठवणी वर्षभर निसटत होत्या, आवाज न करता.

"मेमरी लॉकच होत नाहीये," तो फोनवर ऑफिसातल्या शेफालीला म्हणाला.

"कमी पडतेय का?"

"आहे गं भरपूर. पण एक तुकडा जागेवर धरून ठेव म्हटलं, की नाही म्हणते आणि बसते."

"मशीन जुनी असेल."

"जुनीच आहे. बदलून नवीन आणावी लागणार."

स्वयंपाकघरात नसीमबानूनं पर्स खाली ठेवली. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. वाक्य कानावर पडलं, की कर्ता शोधायची सवय. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

"अम्मी, दार उघड. दहा वाजून गेले."

"आपण नवीन आणावी. जुनीला आवरायला वेळ लागेल."

फोनवर शेफाली म्हणाली, "साहेब विचारतायत, कधी उघडणार?"

"कुठलं?"

"म्हणजे?"

जावेदनं दाराला कपाळ टेकवलं. "अम्मी, तुझी नाही गं. सर्व्हरची मेमरी. कुलूप सर्व्हरला लागत नाहीये."

 आतून पानं चाळल्याचा आवाज. दाराखालून वहीचं एक पान सरकत आलं, वरची कड दुमडलेलं. टपोरं, शाळेतलं अक्षर: 'जावेदने चाचणीसाठी सर्व्हरच्या मेमरी लॉकची मर्यादा कमी करून चौसष्ट केबी केली. सोमवारी वाढवायची. आठवण करून देण्याचे काम माझे.'

तेवढाच डोक्याला व्यायाम म्हणून त्यानंच दिलेलं काम. आज शुक्रवार होता, आणि सर्व्हर त्यानंतर आजच पहिल्यांदा बंद-चालू झाला होता.

"आठवण का नाही करून दिलीस?"

"विसरले," आतून आवाज आला. "तू?"

मर्यादा वाढवली, सर्व्हर एका दमात उठला. कडीही निघाली. नसीमबानूनं पान परत मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं.

अकराला पाच कमी असताना दोघं डॉक्टरांसमोर बसले.

"विसरायचा त्रास कधीपासून?"

"सोमवारपासून," नसीमबानू म्हणाली. "ह्याला."

डॉक्टर हसले. जावेदही हसला. "बरं, आणि हे कोण तुमचे?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं जावेदकडे पाहिलं. पुसलेल्या फळ्यावरचं वाचायला जावं, तसं पाहत राहिली. मग पर्समधून ते पान काढलं, वरची दुमडलेली कड उलगडली आणि हळू वाचलं, "जावेद. माझा मुलगा."

पान तिनं त्याच्यापुढे धरलं. "बरोबर आहे ना?"

जावेदनं खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.