समुद्राला मदत करणारे गवे

एका जंगलाच्या तिन्ही बाजूंनी समुद्र होता आणि चौथ्या बाजूला सरकार होतं. म्हणजे पळून जायला कुठेच वाट नव्हती. हे आधीच लक्षात ठेवा बाळांनो, नाहीतर पुढे "मग ते प्राणी निघून का नाही गेले?" असं विचारून गोष्टीचा विचका कराल.

या जंगलावर वाघाचं राज्य होतं. वाघाच्या गुहेत विजेचा दिवा होता. जंगलात विजेचा दिवा कसा, तेही विचारू नका. वाघाला हवा होता, म्हणून होता. गुहेसमोरच्या माळावर एक मोठं लाकडी चाक होतं आणि त्याला गवे जुंपलेले असत. गवे गोल गोल फिरत, चाक फिरे, आणि चाक फिरलं की गुहेत उजेड पडे. त्या उजेडात वाघ काय करायचा? झोपायचा. अंधारात काय, कोणीही झोपतं.

त्या गव्यांत धोंडबा नावाचा एक गवा होता. तरुणपणी त्याला पाहून झाडं वाट सोडायची, असं तो स्वतःच सांगे. आता चालताना त्याचे गुडघे करकरत आणि मानेवरचे केस जोखडाने घासून गेले होते. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याला काळजी होती ती तानूची. तानू त्याची एकुलती एक कालवड. तिला समुद्राच्या ओल्या वाळूत धावायला आवडायचं, आणि धावता धावता मागे वळून ती स्वतःच्या खुरांचे ठसे बघायची.

जंगलाचा रिवाज असा होता की कालवडीचं शिंग बापाच्या कानाएवढं झालं की तिला चाकाला जुंपायचं. धोंडबा रोज कामावरून आला की तानूला शेजारी उभी करायचा आणि आपला कान ताठ करून मापून बघायचा. रोज शिंग थोडं वाढलेलंच असायचं. पोर वाढताना बघून इतर बापांना आनंद होतो. हा उरलेले दिवस मोजायचा. अलीकडे तर मापताना तो कान जरा जास्तच ताणायचा.

अशात परदेशातून श्रीपाद ऊद परत आला. ऊद म्हणजे पाणमांजर. हा दूरदूरच्या समुद्रांवर जाऊन शिकला होता आणि शिकून पुन्हा इथेच आला होता. त्यावरूनच त्याचा भाबडेपणा तुमच्या लक्षात येईल.

गुहेतल्या दरबारात उभा राहून उदाने आपली योजना मांडली. तो म्हणाला की समुद्राचं वरचं पाणी उन्हाने तापलेलं असतं, पण खूप खोल, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथलं पाणी दात कडकडतील इतकं गार असतं. काही द्रव असे असतात की ते वरच्या नुसत्या उबदार पाण्यानेही उकळतात. त्यांची वाफ चाक फिरवते. मग खालच्या गार पाण्याने त्या वाफेचा पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. धूर नाही, राख नाही, दिवस नाही, रात्र नाही. सूर्य आणि समुद्र असेतोवर वीज. फक्त एक अट होती. खालचं पाणी वर ओढणारा पंप तयार झालेल्या विजेतली बरीचशी स्वतःच खाणार होता, उरेल ती आपली. म्हणून वरच्या आणि खालच्या पाण्यातला फरक दणदणीत हवा. फरक कमी झाला तर सगळं मुसळ केरात.

वाघाने विचारलं की पलीकडच्या जंगलातल्या सिंहाकडे हे आहे का. नाही म्हटल्यावर योजना तिथल्या तिथे मंजूर झाली.

ऊद बाहेर आला तेव्हा धोंडबा चाकापाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, पण त्यातलं त्याला एकच विचारायचं होतं.

"सायेब, ह्यात चाक कोन फिरवनार?"

"वाफ."

"गवा न्हाई?"

"गवा नाही, धोंडबादादा. समुद्र फिरवणार."

धोंडबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी घरी जाऊन त्याने तानूचं शिंग मापलंच नाही. तानूने विचारलं तर म्हणाला, वाढू दे किती वाढायचं ते.

मग कामाला सुरुवात झाली. लांबच लांब नळाचे तुकडे किनाऱ्यावर ओढून न्यायचे होते. धोंडबा चाकाची पाळी संपवून यायचा आणि कोणी न सांगता ते तुकडे ओढायचा. गुडघे करकरायचे. लोक म्हणायचे, अरे, तुला काय वेड लागलंय का? धोंडबा हसायचा. आपल्या पोरीची सुटका आपणच ओढून नेतोय, असं त्याला वाटायचं, आणि त्या वजनाचं त्याला काही वाटत नसे.

पण बाळांनो, प्रत्येक राज्यात एक प्रधान असतो. इथे ते साळिंदर होते. एखादी गोष्ट पटली नाही की प्रधानजींचे काटे खुळखुळत, आणि त्यांना सहसा काही पटत नसे. त्यांनी किनाऱ्यावर येऊन पाहणी केली आणि काटे खुळखुळले. एकाच समुद्रातून पाणी आणायला दोन नळ कशाला, असा त्यांचा सवाल होता. उदाने त्यांना वरचं पाणी आणि खालचं पाणी समजावून सांगितलं. सकाळ गेली, दुपार गेली. शेवटी प्रधानजींनी मोठ्या मनाने तडजोड केली. दोन नळ राहू देत, पण खोल जाणारा नळ निम्मा करा.

कारण विचाराल तर तेही रास्त होतं. समुद्राच्या तळाशी गेलेला नळ कोणाला दिसणार? राज्याने काही केलं आणि ते प्रजेला दिसलंच नाही, तर केलं कशाला? म्हणून उरलेला निम्मा नळ वाकवून त्याची किनाऱ्यावर स्वागतकमान करण्यात आली. कमानीवर पट्टे रंगवले आणि मधोमध वाघाचं चित्र काढलं. चित्रात वाघ समुद्राकडे कौतुकाने बघत होता.

निम्म्या खोलीवर पाणी पुरेसं गार मिळणार नाही, असं उदाने सांगून पाहिलं. प्रधानजी म्हणाले की आपल्याकडची हवा दमट, फार गार पाणी सोसत नाही. ऊद त्या दिवशी फार चिडला. राजीनामा द्यायचा असंही त्याने ठरवलं. पण त्याच सुमारास त्याला 'राजसमुद्रज्ञ' ही पदवी मिळाली आणि तिच्यासोबत रोज टोपलीभर ताजे बांगडे. बांगडे खाता खाता त्याने विचार केला, अगदीच नसण्यापेक्षा निम्मं बरं. हुशार माणसं नेहमी इथवरच विचार करतात आणि मग हात पुसतात.

मग उन्हाळा आला. चाचणीसाठी थोडं गार पाणी वर काढलं होतं, ते बघायला वाघ स्वतः आला. त्याने पंजा पाण्यात बुडवला. जरा वेळाने दुसरा बुडवला. मग चारही बुडवून तिथेच बसला. संध्याकाळी हुकूम निघाला की हे पाणी आधी महाराजांच्या गुहेत शय्येखालून फिरवावं आणि मग यंत्राकडे सोडावं. पाणी तेच, यंत्रही तेच, वाटेत जरा राजसेवा घडली तर बिघडलं कुठे?

अशा रीतीने वाघाच्या अंगाखालून गेलेलं पाणी कोमट होऊन यंत्राकडे येऊ लागलं.

उद्घाटनाच्या दिवशी सारं जंगल किनाऱ्यावर लोटलं. कमानीच्या टोकाला दिवा बसवला होता. पंप चालू करायला पहिला जोर बाहेरून लावावा लागतो, म्हणून माळावरचं चाक उचलून किनाऱ्यावर आणलं होतं. आजच्या दिवसापुरतं, असं ऊद म्हणाला. धोंडबाने आनंदाने मान पुढे केली. तानू गर्दीत पुढे उभी होती. आबांचं हे शेवटचं जोखड, हे तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

गवे फिरू लागले. पंप चालू झाला. एका नळातून उबदार पाणी आलं, दुसऱ्यातून कोमट पाणी आलं. दोन्ही पाणी यंत्रात शिरली, एकमेकांना भेटली आणि निघून गेली. तो द्रव थोडा हलला, चार बुडबुडे आले, आणि गप्प झाला. दिवा लागेना. वाघाने जांभई दिली. वाघ जांभई देतो तेव्हा त्याचे सगळे दात दिसतात, आणि दरबारात त्याला नापसंती म्हणतात.

प्रधानजींनी मानेने एक खूण केली. कमानीमागून कोणीतरी चाकाची जुनी तार दिव्याला जोडली.

दिवा लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पोपटांनी 'समुद्रदेवाची वीज' असा घोष सुरू केला. धोंडबाने दिव्याकडे पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. फक्त दिवा लागला त्याच क्षणी मानेवरचं ओझं एकदम का वाढलं, हे त्याला कळेना. दोन फेऱ्यांनंतर कळलं. तो खाली मान घालून फिरत राहिला, कारण तानू बघत होती.

आजच्या दिवसापुरतं होतं ते उद्याही राहिलं. आधी गवे नुसता गुहेतला दिवा लावायचे. आता त्यांना गुहेतला दिवा, कमानीवरचा दिवा आणि पंप, सगळंच ओढायचं होतं. गवे कमी पडू लागले. मग दवंडी पिटली गेली की समुद्रऊर्जेच्या कामी कालवडींनाही हातभार लावण्याची संधी मिळावी, म्हणून शिंगाचं जुनं माप रद्द करण्यात येत आहे. यापुढे शिंग नुसतं दिसलं तरी पुरे.

दवंडी ऐकून धोंडबा तडक उदाकडे गेला.

"सायेब, समुद्र फिरवनार म्हनला होता तुमी."

उदाने बांगड्याची टोपली पायाने मागे सरकवली. त्याला लाज वाटली, हे खरं. पण लाजेने चाक फिरत नाही. त्याने खालच्या आवाजात सांगितलं की यंत्रातून वीज येत नाही आणि पंपाला मात्र लागते.

"मग पंप बंद करा की."

"पंप बंद केला तर महाराजांच्या गुहेतला गारवा जाईल, दादा."

धोंडबा तिथून निघाला. मग तो दरबारात गेला. आजवर कुठलाच गवा दरबारात शिरला नव्हता. गुहेत छान गार वाटत होतं. धोंडबा म्हणाला की मला मरेपर्यंत फिरवा, दुप्पट फिरवा, पण पोरीला सोडा. वाघ झोपला होता, म्हणून उत्तर प्रधानजींनी दिलं. त्यांनी काटे मुळीच खुळखुळवले नाहीत. अगदी मायेने ते म्हणाले,

"हे बघ धोंडबा, लाकूड जळून जातं. कोळसा संपतो. पण एक गवा दमला की त्याचं वासरू तयार असतं. ते दमलं की त्या वासराचं वासरू. हे कधी संपतच नाही. अक्षय ऊर्जा म्हणतात ती हीच. तुझ्या पोरीमुळेच तर आपली योजना यशस्वी झाली."

दुसऱ्या दिवशी तानूला जुंपलं. धोंडबा मागे आणि ती पुढे, अशी जोडी लागली. वाळू ओली होती. ती फिरता फिरता सवयीने मागे वळली, पण ठशांवर ठसे पडून तिचे कुठले ते कळत नव्हतं.

"आबा, ह्यात समुद्र कुठाय?" तिने विचारलं.

"गुमान चल बाय," धोंडबा म्हणाला. "तो काय, समोर दिसतोय."

पुढे ही योजना बघायला लांबलांबून पाहुणे पक्षी आले. इतका उजेड आणि धूर अजिबात नाही, याचं त्यांनी फार कौतुक केलं. एका चौकस बगळ्याने विचारलं की ते गवे गोल गोल का फिरताहेत. प्रधानजी म्हणाले की ते समुद्राला मदत करतात, त्यांना त्याची आवडच आहे. पाहुण्यांना ते फार आवडलं. आपल्याकडेही अशी योजना करावी, असं म्हणत ते उडून गेले. मग पलीकडच्या जंगलातल्या सिंहानेही एक समुद्र मागवला. त्याच्याकडे गवे होतेच.

तात्पर्य : समुद्रात वरचं पाणी तापलेलं असतं आणि खालचं गार. राज्यात नेमकं उलट असतं, वरचे गारव्यात आणि खालचे घामात. पण वर-खाली फरक असला की कोणाचा ना कोणाचा दिवा लागतोच, म्हणून शहाण्याने तो फरक कमी होऊ देऊ नये. आणि बाळांनो, मोठेपणी अक्षय ऊर्जा वापरायची की अक्षय ऊर्जा व्हायचं, हे शिंगं फुटायच्या आत ठरवा.