टोपली वर गेली

परशूने पोस्ट लिहिली तेव्हा त्याच्या चड्डीतून अजून काळी नदीचं पाणी गळत होतं. तो दाराच्या उंबऱ्यावर बसला होता आणि अंगठा असा चालवत होता की स्क्रीनला भोक पडेल. गणेशगुडीच्या एका लॉजवर तो राफ्ट चालवायचा. त्या दिवशी त्याच्या राफ्टमध्ये सात पाहुणे होते. एकाने बाटली नदीत टाकली. दोघे उभे राहून नाचले. पिवळ्या पंजाबी ड्रेसमधली एक बाई तर नदीकडे बघेचना. आई कशी आहे, भाऊ किती, तंबाखू खातोस का, रागीट आहेस का, एवढंच विचारत बसली. परशू म्हणाला, "बाई, नदी बघा की जरा." तिने तक्रार केली. आणि लॉजच्या मालकीण राजेश्वरी मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर हात जोडायला लावले.

परशूने हात जोडले. आणि घरी येऊन लिहिलं, "आज सात म्हशी नदीतनं न्हेल्या. म्हशी बऱ्या, त्या पाण्यात गप बसतात. आमच्या मॅडम तर पाण्याला भितात. नाक्यावरच्या बोर्डावर त्या लाटेत दिसतात ना, ते हे बघा." खाली फोटो. फोटोत राफ्ट लॉजच्या हिरवळीवर होती. आत मॅडम वल्हं धरून हसत होत्या. लॉजवरचा परशूचा सोबती गुणा राफ्ट हलवत होता आणि परशू स्वतः बादलीने पाणी उडवत होता.

मग त्याने बटण दाबलं. स्क्रीनवर छोटं चाक गरगरायला लागलं. परशूचा राग उतरला आणि तो जेवायला बसला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण कडशेतात रेंज नाही. गाव धरणाच्या पाण्याच्या अलीकडे, मागे जंगल. रेंज येते ती फक्त वर डोंगराच्या धारेवर, ऐनाच्या जुन्या झाडाखाली. म्हणून रोज सकाळी पुतळी आज्जी म्हशी घेऊन वर निघाली की घराघरातून फोन गोळा करते. बांबूच्या टोपलीत घालते, टोपली ऐनाच्या फांदीला टांगते. दिवसभर टोपलीत निरोप येतात आणि जातात. संध्याकाळी म्हशींच्या मागून फोन घरी येतात.

त्यामुळे कडशेतात बोलण्याचं जे स्वातंत्र्य होतं ते कुठल्या राजधानीत नसेल. संध्याकाळी कुणालाही काहीही लिहा, बटण दाबा, चाक फिरताना बघा, आणि सकाळी आज्जीची हाक यायच्या आत पुसून टाका. फॉरेस्टवाल्यांना, पंचायतीला, व्याह्यांना, सगळ्यांना गावाने धुऊन काढलं होतं. एकही शिवी पोचली नव्हती. सगळ्यांशी संबंध उत्तम होते.

पण त्या सकाळी वाटेवर गवे उतरणार म्हणून आज्जी लवकर निघाली. परशू घोरत होता. त्याच्या आईने, सुमंगलाने, रोजच्यासारखा फोन उचलून टोपलीत घातला.

परशू उठला. उशीखाली हात घातला.

"आय, फोन?"

"गेला की वर."

"कवा?"

"आज्जी आता धारेला लागली असंल. चा घे."

परशूने चहा घेतला नाही. तो अनवाणी पळाला. करवंदीच्या काट्यांतून, दगडांवरून, छाती फुटेपर्यंत चढला. वर पोचला आणि जागेवर थांबला.

टोपली हलत होती. वारा नव्हता. ऐनाचं एक पान हलत नव्हतं, पण टोपली आपोआप झुलत होती आणि आतून आग्यामोहोळासारखा आवाज येत होता. म्हशी रवंथ थांबवून तिच्याकडे बघत होत्या. पुतळी आज्जी तर हात जोडून उभी होती.

"परशा," ती हळूच म्हणाली, "उळवीच्या जत्रंत असं बघितलं न्हाई रे मी. कुणाच्या अंगात आलंय ह्यात?"

"माझ्या," परशू म्हणाला.

त्याने फोन काढला. हातात तो जिवंत बेडकासारखा थरथरत होता. हसरे चेहरे, बदाम, अंगठे पावसासारखे पडत होते. बघता बघता आकडा बदलत होता, वाचून होईपर्यंत खोटा ठरत होता. कुणी दुबईहून लिहिलं होतं. कुणी अशा भाषेत लिहिलं होतं जिची अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी होती. परशूला आधी भीती वाटली नाही. तो नुसता बघत राहिला. ज्या उंबऱ्यावर बसून तो हे बोलला होता तिथून शेजारच्या घरातही ऐकू गेलं नसतं.

मग त्याला मॅडम आठवल्या. त्याने पोस्ट पुसली. पण लोकांनी ती केव्हाच उचलून पुढे नेली होती. त्याने फोन बंद केला, खिशात कोंबला आणि खाली पळाला.

दुपारी गुणा पलीकडच्या काठावर जीप घेऊन आला. परशूने लॉजची जुनी राफ्ट नेऊन त्याला अलीकडे आणलं. रोज याच राफ्टने तो कामावर जायचा.

"तुला काढलंय," गुणा म्हणाला. "आन मला काढत हुते. माझा फोटू कशाला टाकलास, लेका? राफ्ट हलवताना माझं तोंड बघ, आंबील प्याल्यागत."

सुमंगलाने बोटांवर दिवस मोजले. रविवारी कॅसलरॉकहून नेत्राचे वडील सुपारी फोडायला येणार होते. ते रेल्वेत गँगमन. त्यांची एकच अट होती, पोराची रोज हजेरी लागणारी नोकरी पाहिजे. आणि नेत्रासाठी परशू वर्षभर दर जत्रेला नवा शर्ट घालून उभा राहिला होता.

"कागूद दिलाय?" तिने विचारलं.

"व्हॉट्सअॅप केलंय म्हणे. पर ह्याचा फोन बंद. एकच टिक आलीय."

"मग काढलं न्हाई," परशू एकदम म्हणाला.

"आरं मी सांगतोय की."

"तुझं तोंडी झालं. मॅडमचाच नियम हाय. तोंडी काय बी चालायचं न्हाई, दोन टिक आल्या की हुकूम लागू."

गुणाने विचार केला. नियम खरंच तसा होता. त्याची स्वतःची तीन दिवसांची रजा त्याच नियमात बुडाली होती.

अंगणात गाव जमलं. ठरलं असं की रविवारपर्यंत परशूचा फोन टोपलीत जाणार नाही. फोन नाही तर टिक नाही, टिक नाही तर नोकरी शाबूत. तो आजारी म्हणून घरी राहील. सुमंगलाने फोन नाचणीच्या कणगीत खोल पुरला.

"पर माणसाला बोलायचा हक्क हाय का न्हाई?" गुणा म्हणाला. "घटनेत लिवलंय म्हणं."

"बोलायचा हाय," पुतळी आज्जी म्हणाली. "हा बोलला कुठं? तिथं गप हात जोडलं आन हितं येऊन लिवलं. आन म्हशीचं नाव का घेतलं? माझ्या लाडूनं कुणाचं काय वाकडं केलतं?"

लाडू तिची सगळ्यात जुनी म्हैस.

शनिवारी उन्हं कलायच्या आधी पलीकडून हाक आली. काठावर जीप होती आणि जीपपुढे लाल लाइफजॅकेट घातलेली एक बाई. जॅकेटचे पट्टे इतके आवळलेले की मान आत गेली होती. मॅडम स्वतः आल्या होत्या.

"जाऊ नगंस," सुमंगला म्हणाली.

पण कडशेतात एक रीत आहे. पलीकडून हाक आली की वल्हेवाल्याने कोण, कशाला विचारायचं नसतं. वैरी असला तरी आधी आणायचा, मग भांडायचं. परशूने राफ्ट सोडली.

"मेसेज बघितलास?" मॅडमनी काठावरूनच विचारलं.

"फोन बंद हाय, मॅडम."

"वकील म्हणतात दोन टिक पाहिजेत. नाहीतर उद्या तू म्हणशील मला कळवलंच नाही. कुठे आहे फोन?"

"घरी. नाचणीत."

मॅडमनी पाण्याकडे बघितलं. मग जीपकडे बघितलं. गुणा स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपल्याचं सोंग करत होता. त्यांनी डोळे मिटले आणि राफ्टमध्ये पाय टाकला.

अर्धं पाणी आलं तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते. परशूच्या दंडाला त्यांची बोटं रुतली होती. वल्हं मारताना त्यालाही आता वाईट वाटायला लागलं होतं. इतकी भीती माणसाला असते आणि तरी ते येतं.

"मॅडम, आता डोळं उघडा. हितं पाणी हलत न्हाई."

"गप वल्हव."

"खोटं न्हाई सांगत."

एक डोळा उघडला, मग दुसरा. चारही बाजूंनी पाणी होतं, काचेसारखं. धरणात बुडालेल्या झाडांचे पांढरे सांगाडे त्यातून वर आले होते आणि प्रत्येकाच्या टोकावर एक पाणकावळा पंख पसरून उन्हात बसला होता. डोंगर उलटे होऊन खाली लटकले होते. धनेशांची जोडी डोक्यावरून गेली. त्यांच्या पंखांचा भाता ओढल्यासारखा आवाज सगळ्या पाण्यावर पसरला.

मॅडमनी दंड सोडला नाही, पण बोटं सैल झाली.

"हे इतकं मोठं आहे होय?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या बोर्डावर ह्येच हाय की."

"ते मागचं पाणी मी बंगळूरला बसून छापून घेतलं." मग त्या परशूकडे वळल्या. "तुला बोलायचा हक्क आहे, परशू. मी नाही म्हणत नाही. पण मला काढायचा हक्क आहे."

"व्हय मॅडम," परशू म्हणाला. त्याला ते पटलं आणि त्याचाच त्याला राग आला.

घरी गेल्यावर सुमंगलाने मॅडमना ताक दिलं. मग नाचणीत खांद्यापर्यंत हात घालून रडत फोन काढून दिला. सगळे धारेवर चढले. पुढे परशू, मागे जॅकेट न काढता मॅडम, त्यांच्यामागे अर्धं गाव. ऐनाखाली लाडू बसली होती. परशूने फोन चालू केला. फोन थरथरला.

मॅडमच्या फोनवर दोन टिक आल्या. परशूने वाचलं. टिक निळ्या झाल्या.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "आजपासून तू कामावर नाहीस."

"बरं," परशू म्हणाला.

परशूचं तोंड लाल झालं होतं. सुमंगलाने पदर तोंडाला लावला. मग पुतळी आज्जीने विचारलं, "आता ह्या बाईस्नी पलीकडं कोण न्हेणार?"

सगळ्यांनी खाली बघितलं. खाली ते सगळं पाणी पसरलं होतं, आणि अलीकडच्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढी ती एकुलती राफ्ट.

"परशू सोडेल," मॅडम म्हणाल्या.

परशूने नकाराची मान हलवली. तो चिडून बोलला नाही, हेच मॅडमना जास्त लागलं असावं. "तुमचाच नियम हाय, मॅडम. कामावर नसलेल्या माणसानं लॉजच्या राफ्टला हात लावायचा न्हाई. गेल्या महिन्यात गुणाच्या भावाला तुमी ह्याच्यावरनंच झापलंत."

"दुसरी वाट असेल."

"हाय की," आज्जी म्हणाली. "ह्या जंगलातनं. सकाळपत्तोर पोचाल. गवं अंगावर येत न्हाईत, आपण वाट सोडली तर."

तेवढ्यात जंगलात काहीतरी जड हललं. बहुतेक आज्जीचीच दुसरी म्हैस असेल. मॅडमनी फोन वर धरला आणि टाइप करायला लागल्या. ऐनाखाली त्यांचा अंगठा परशूच्या अंगठ्यासारखाच चालत होता. परशूचा फोन वाजला. "आदेश रद्द. कामावर घेतले आहे. नवीन फोटो पाण्यात काढणे."

परशूने दोन्ही मेसेज वरखाली करून वाचले. त्या दोन मेसेजांच्या मधल्या वेळात तो बेकार होता. तेवढ्यात लाडूचा एक घास चावून झाला होता.

"चल आता," म्हणत मॅडम उतारावरून निघाल्या. सुमंगला तर त्यांच्याही पुढे पळाली, उद्याच्या पाहुण्यांसाठी खीर करायची होती.

परशू निघणार तोच फोन पुन्हा वाजला. बंद असताना अडकलेला एक निरोप सगळ्यांच्या मागून येऊन पोचला होता. नेत्राचा.

"पिवळ्या ड्रेसमधली माझी आत्या होती. बाबांनी तुला बघायला मुद्दाम पाठवली होती, वास्कोहून. तक्रार केली खरी, पण ती म्हणते, पोरगा नदीवर शहाणा आहे, आईला मानतो, तंबाखू खात नाही. रागाचं विचारलं तर उत्तर दिलं नाही, ते तिने नंतर फेसबुकवर वाचलं. उद्या ती पण येणार आहे. काय बोलायचं ते ठरव."

परशूने एकदा लाडूकडे बघितलं. लाडूने त्याच्याकडे बघितलं. त्याचा अंगठा आपोआप स्क्रीनवर आला आणि लिहायला लागला. एक ओळ झाली. दुसरी झाली. मग त्याची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. रेंजच्या चारही काड्या भरलेल्या होत्या.

त्याने अंगठा उचलला, लिहिलेलं पुसलं, फोन खिशात घातला आणि उतरायला लागला. एक काडी गेली, दुसरी गेली. काठावर येईपर्यंत एकही उरली नाही. तो राफ्टच्या कडेवर बसला आणि शांतपणे पहिल्यापासून लिहायला लागला.

"अरे चल की," मॅडम आतून म्हणाल्या. त्यांचे डोळे या वेळी आधीपासून उघडे होते. "पाठवलंस का?"

"बटण दाबलं, मॅडम," परशू चाक फिरताना बघत म्हणाला. "आता सकाळी आज्जी यायच्या आत मला उठव म्हणून आयला सांगतो."