गोळ्यांचा तुलनात्मक तक्ता

बायकोने मला तीनच कामं सांगितली होती. औषधाच्या दुकानात जायचं, चिठ्ठीवर लिहिलेली बाटली घ्यायची आणि सरळ घरी यायचं. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचणं हे त्या तिन्हीत नव्हतं. ते मी माझ्या अकलेने केलं. (मी माझ्या अकलेने केलेल्या कामांची यादी बायकोला तोंडपाठ आहे. पाहुण्यांचा आग्रह झाला तर ती म्हणूनही दाखवते.)

पण माझाही इलाज नव्हता. गेली एकोणीस वर्षं मी ऑफिसात खरेदी विभागात कारकून आहे. टाचण्या घ्यायच्या असोत की फिनेलचे डबे, तीन ठिकाणचे दर मागवायचे, शेजारी शेजारी लिहून तुलनात्मक तक्ता करायचा आणि तो वर पाठवायचा, हे माझं काम. साहेब तो न वाचता सही करतात. तरी मी तो मनापासून करतो. अशा माणसाच्या हातात कोणी खोकं दिलं तर तो उलटून बघणारच.

बाटली सासऱ्यांसाठी होती. त्यांच्या घरी न्हाणीघराच्या फरशा बदलायचं काम निघालं होतं, म्हणून महिनाभर ते आमच्याकडे होते. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते एकटेच राहतात. नोकरीत असताना ते वजनमापे निरीक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. आमच्याकडे आले त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला काटा तपासला आणि तो चाळीस ग्रॅम खोटं बोलतो असं जाहीर केलं. जाहीर करताना त्यांनी काट्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

त्यांचा उजवा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी ते सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी घेतात. पण गोळी त्या एकाच कंपनीची लागते. त्या बाटलीच्या खोक्यावर एक माणूस पळताना दाखवलाय आणि त्याच्या गुडघ्यातून ठिणग्या निघतायत. दुसरी कुठली गोळी त्यांना लागू पडत नाही, असं घरात सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे बायको.

तर मी दुकानात खोकं उलटलं. आत काय आहे तर पॅरासिटामॉल, पाचशे मिलीग्रॅम. मी काउंटरवरच्या काचेतून खाली पाहिलं. तिथे एक साधं पाकीट पडलं होतं. त्यावरही तेच नाव, तोच आकडा. किंमत एक षष्ठांश.

"ह्यात काय आहे?" मी औषधवाल्या बाईंना विचारलं. बाईंचा चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला असतो आणि गिऱ्हाईक मूर्ख निघालं की त्या तो डोळ्यांवर चढवतात.

"पॅरासिटामॉल."

"आणि ह्या बाटलीत?"

"पॅरासिटामॉल."

"मग फरक काय?"

"बाटलीवर माणूस पळतोय," बाई म्हणाल्या.

माझ्या अंगात खरेदी विभाग संचारला. मी खिशातून पेन काढलं. "साडेसहाशेची येते का?"

"येते. पण जास्त ताकदीची आहे म्हणून जास्त बरी असं नसतं. डॉक्टरांनी किती सांगितलीये?"

"सासऱ्यांना पाचशे. आणि ही चारशेची कसली? पाचशेपेक्षा हलकी म्हणायची ना?"

बाईंनी चष्मा चढवला. "ते औषधच वेगळं आहे. एक मीटर गोणपाट आणि अर्धा मीटर रेशीम, ह्यातलं जास्त कुठलं? ती पोटाला त्रास देऊ शकते. सासऱ्यांना बीपी आहे?"

"आहे."

"मग ती खाली ठेवा."

मी ठेवली. "आणि ही सर्दीची?"

"हिच्यातही पॅरासिटामॉल आहे. दोन्ही एकदम घेतल्या तर डोस डबल होतो. लोकांना कळत नाही, सर्दीची म्हणून घेतात नि वर डोकेदुखीची घेतात." मग त्या थांबल्या आणि माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत म्हणाल्या, "मिसेसनी बाटली सांगितलीये ना? मग बाटली न्या. बाकीचं डोक्यात घेऊ नका."

मी बाटली घेतली. आणि साधी दोन पाकिटंही घेतली. (पैसे वाचवण्यासाठी मी दोन्हींचे पैसे दिले. ही गोष्ट मी तक्त्यात कुठेही दाखवलेली नाही.) कारण माझ्या मनात प्रयोग ठरला होता. सासऱ्यांना न सांगता आठ दिवस साधी गोळी द्यायची, गुडघ्याची नोंद ठेवायची आणि शेवटी पुराव्यानिशी सत्य समोर ठेवायचं. लग्नाच्या सोळा वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याच हिशोबाला मान डोलावली नव्हती. मला ती मान एकदा डोलताना बघायची होती, इतकंच.

बाटली बायकोच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेल्यावर (ती ग्रंथालयात असते, त्यामुळे 'शांत बसा' हे ती घरीही फार सफाईने म्हणते) मी फडताळातून बाटली काढली. आतल्या गोळ्या एका लिफाफ्यात ओतल्या, लिफाफ्यावर 'महाग' असं लिहिलं आणि बाटलीत माझ्या साध्या गोळ्या सोलून भरल्या. दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. हुबेहूब. लांबट, पांढऱ्या, मधोमध रेघ. मी तेव्हाच वहीत लिहिलं: 'दोन्ही एकाच कारखान्यात बनत असाव्यात.' आपण काहीतरी मोठं उघडकीला आणतोय ह्या जाणिवेने मला घाम फुटला.

तिसऱ्या दिवशी सासरे नाश्ता करताना म्हणाले, "ह्या खेपेची बाटली चांगली आलीये."

मी वही उघडली.

चौथ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन आले. सहाव्या दिवशी आमचे तीन मजले मध्ये न थांबता चढले. मी आपला जिन्याच्या वळणावर उभा राहून पायऱ्या मोजत होतो. त्यांनी विचारलं, "इथे काय करताय?" मी म्हटलं, "हवा." ते म्हणाले, "हवा वर घरातही आहे."

मधल्या काळात ऑफिसात माझं डोकं दुखलं. 'महाग' लिफाफा पिशवीत होताच. मी त्यातली एक गोळी घेतली आणि, खोटं कशाला बोलू, वीस मिनिटांत डोकं हलकं झालं. साध्या गोळीने इतकं लवकर उतरत नाही. शेवटी पैशाचा गुण कुठेतरी असतोच, असंही मला वाटून गेलं. ते मात्र मी वहीत लिहिलं नाही.

फरशांचं काम संपल्याचा निरोप आला. सासरे रविवारी सकाळच्या बसने निघणार होते. शनिवारी संध्याकाळी चहा झाला, त्यांची बॅग दाराशी उभी होती, आणि मी तक्ता आणला. अकरा रकाने होते. नाव, घटक, ताकद, पाकिटातल्या गोळ्या, एका गोळीची किंमत, मी काहीही सोडलं नव्हतं. सासऱ्यांना मी घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि सुरुवात केली. बोलता बोलता वेळेचं भान राहिलं नाही. बायकोने दोनदा "अहो, पुरे," म्हटलं, पण मी सातव्या रकान्यात होतो.

"तर बाबा," मी शेवटी म्हणालो, "गेले आठ दिवस तुम्ही त्या बाटलीतून साधी गोळी घेताय. माझ्या हाताने भरलेली. आणि तुमचा गुडघा पहिल्यापेक्षा बरा आहे."

मी त्यांच्या मानेकडे बघत राहिलो. मान हलली नाही. ते उठायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले.

"गुडघा," एवढंच म्हणाले. मग भिंतीला धरून खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "उद्याचं तिकीट रद्द करा."

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही बाटलीतून काय काढलंत?"

"महाग गोळ्या."

"त्या माझ्या साध्या गोळ्या होत्या."

मी लिफाफा पुढे केला. तिने त्यावरचं अक्षर वाचलं आणि खाली बसली.

"तुम्ही बाटली आणलीत त्याच संध्याकाळी मी ती रिकामी करून साध्या भरल्या. आई होती तेव्हा ती भरायची. जायच्या आधी तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. कपाटाची किल्ली कुठे असते आणि बाबांच्या बाटलीत काय भरायचं. तेव्हापासून मीच भरून पाठवते. जुन्या बाटलीचं लेबल पुसलं होतं म्हणून मला नवी हवी होती. मला बाटली हवी होती हो, गोळ्या नको होत्या."

मी हिशोब केला. म्हणजे मी साध्या काढून साध्या भरल्या होत्या. आणि ऑफिसात वीस मिनिटांत डोकं उतरवलं होतं ते... मी तो हिशोब तिथेच सोडला.

"आता ते विचार करत पडले असतील," बायको म्हणाली. "आठ दिवस साध्या होत्या, मग त्याआधी काय होतं? मग त्यांना आईचं कळेल. सहा वर्षं ती आपल्याला फसवत होती असं वाटलं तर?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मला माझ्या तक्त्याची लाज वाटली. "उद्या सकाळी त्यांना दुकानात घेऊन जा. त्यांच्या डोळ्यांसमोर सीलबंद बाटली घ्या. आणि आधीच्या सगळ्या गोळ्या खऱ्या होत्या असं शपथेवर सांगा."

सकाळी आम्ही निघालो. ते एक हात कठड्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून उतरले. सोळा वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायची ती पहिलीच वेळ. दुकान उघडायला अवकाश होता. समोरच्या बाकावर बसलो. मी घसा साफ केला.

"बाबा, आठ दिवसांचा दोष माझा. पण त्याआधीच्या गोळ्या अस्सल होत्या. कंपनीच्या. मी शपथ घेतो."

"घेऊ नका," ते म्हणाले. "खोटी शपथ घेताना तुमचे कान लाल होतात."

मी कानांना हात लावला.

"बत्तीस वर्षं मी दुसऱ्याची मापं तपासली," ते बंद शटरकडे बघत म्हणाले. "कंपनीच्या गोळीवर नाव कोरलेलं असतं. तुमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा बाटली भरली त्याच दिवशी मला कळलं. पण ती रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची, पाण्याचं भांडं द्यायची आणि मी गिळेपर्यंत उभी राहायची. तिला वाटायचं आपण ह्यांना बनवलं. खूष असायची दिवसभर. मी कशाला बोलू?" मग म्हणाले, "आता मुलगी भरते. तीही तशीच उभी राहते. तिला सांगू नका."

"नाही सांगणार." मी कानांवरचे हात काढले. आणि विचारलं, "मग काल गुडघा का धरला?"

"दीड तास घडीच्या खुर्चीत बसवलंत. मधे पाय सरळ करू म्हटलं तर तुम्ही पुढचा रकाना काढायचात." त्यांनी गुडघा चोळला. "धडधाकट माणूसही आखडेल."

शटर वर गेलं. बाईंनी आम्हाला दोघांना पाहिलं आणि काही न विचारता चष्मा चढवला. सासऱ्यांनी सीलबंद बाटली घेतली, वर साधी दोन पाकिटं मागितली आणि पाकिटं माझ्या खिशात घातली. "तिला द्या. तिच्याजवळच्या संपल्या असतील."

मंगळवारी ते निघाले. बायकोने बाटली बॅगेत वर ठेवली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबांना काही कळलं नाही ना?" मी म्हटलं, "छे." (कान झाकायला मी टोपी घातली होती.)

बसमध्ये त्यांच्या शेजारी एक बाई कपाळ दाबून बसल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी पर्समधून एक खोकं काढून दाखवलं. ते सासऱ्यांनी उलटलं, बारीक अक्षरं वाचली आणि बोटं मोजत त्यांना समजावायला लागले. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते, पण सगळे रकाने मला ओळखू येत होते. माझ्याच क्रमाने चालले होते. मला भरून आलं. शेवटी त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी वळून पाहिलं. मी ताठ उभा राहिलो.

बस सुटता सुटता काच खाली झाली आणि त्यांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं.

"आता हेच बघा. किती समजावलं, तरी हे अजून महागाचीच घेतात."

बाई माझ्याकडे फार दयेने बघत होत्या. बायको म्हणाली, "अहो, हात हलवा." मी हलवला.